कमानदार पावलांचं घराणं

त्या घरात चपला टिकत नसत. तुटायच्या नाहीत, पण पायातच राहायच्या नाहीत. चार पावलं टाकली की चप्पल मागे राहायची आणि मालक पुढे निघून गेलेला असायचा. म्हणून घरातले सगळे घोट्याच्या वर येणारे, पट्ट्यांनी आवळलेले बूट घालायचे. दाराशी त्या बुटांच्या रांगेत चपलांचा एकच जोड असायचा, तो आजीचा.

घर वर होतं, दुकान खाली. दुकानात जळलेल्या मोटारी यायच्या. त्यांतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून नवी भरली जायची, वर वार्निशचा हात फिरायचा आणि मोटार पुन्हा घुमायला लागायची. हे काम करणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. गोष्ट मात्र मिस्त्रींची नाही, त्यांच्या बायकोची आहे. तिला आजीच म्हणू, कारण नात झाल्यापासून दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नसे.

मिस्त्रींच्या घराण्याचे पाय एकदम खास. तळव्याला अशी उंच कमान की खालून उंदीर जावा. पोटऱ्या काटकुळ्या, बोटं आत वळलेली, आणि चालताना गुडघा वर उचलून पाऊल आपटायची पद्धत. त्यामुळे सपाट रस्त्यावरही हे लोक जिना चढतायत असं वाटायचं. गिऱ्हाइकं नुसत्या आवाजावरून सांगायची, मिस्त्री आले. हातांचंही तेच. बारीकसारीक पकडणं या घराण्याला जमत नसे, पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण प्रत्येक अडचणीवर कुणीतरी कधीच तोडगा काढून ठेवला होता. शर्टांना गुंड्यांऐवजी टिचबटणं. बरणीचं झाकण उघडायला दुकानातला पाना. दारांना कोपराने दाबता येतील असे लांब दांडे. तार खाचेतून ओढून घ्यायला मिस्त्रींनी स्वतः वाकवलेला एक आकडा होता, तो ते मनगटाला पट्टीने बांधायचे आणि कॉईल अशी भरायचे की बघत राहावं.

उभं राहायची वेळ आली की घरातला प्रत्येक जण भिंत शोधायचा. भिंतींवर त्यांच्या पाठींचे डाग पडले होते. नवा रंग दिला तरी थोड्याच दिवसांत ज्याची त्याची जागा पुन्हा उमटायची. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की जगात सगळी माणसं अशीच राहतात असं त्यांना वाटे, आणि जी तशी राहत नाहीत ती जरा उथळ.

या घरावर राज्य होतं मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आजीच्या वन्संचं. आजी लग्न होऊन आली आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर पडली तेव्हा फरशीवर तिची ओली पावलं उमटली. वन्संनी ती वाकून पाहिली. घरातल्या माणसांच्या ओल्या खुणेत टाच वेगळी, बोटं वेगळी आणि मधे कोरडी फरशी. हिचा बघावं तर अख्खा तळवा उमटलेला, इस्त्री ठेवल्यासारखा.

“अगं बाई, ही तर फताडी!” वन्सं म्हणाल्या, आणि तो शब्द आजीला जन्माचा चिकटला.

मिस्त्री बिचारे कधी एका शब्दाने बोलले नाहीत. उलट थंडीत स्वतःचे बर्फासारखे पाय तिच्या पोटऱ्यांना टेकवून म्हणायचे, “तुझ्या पायांत शेगडी आहे की काय गं?” आजीला ते ऐकून बरं वाटायचं. तरी आपण या घरात जरा उणंच सामान म्हणून आलो, ही सल काही मनातून जात नव्हती. मुलगी झाली, मग मुलगा झाला, आणि दोघंही चालायला लागल्यावर वन्संनी निकाल दिला की घराण्याचा पाय आला. दोन्ही वेळा आजीचा जीव भांड्यात पडला.

मग मुलीला मुलगी झाली. तिचं नाव काहीतरी छान ठेवलं होतं, पण ती सगळीकडे घरंगळत जायची म्हणून सगळे तिला गोटी म्हणत. गोटीचा बाप बोटीवर नोकरीला होता. कधीमधी घरी यायचा तेव्हा बहुतेक वेळ झोपलेला असायचा, त्यामुळे त्याचे पाय कसे आहेत हे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. मायलेकी इथेच राहायच्या.

गोटी तीन वर्षांची होईपर्यंत सगळ्यांनी वाट पाहिली. कमान काही येईना. पोर टाच टेकवून चालायची. आजीच्या चपला घालून घरभर हिंडायची आणि त्या चपला तिच्या पायातून निसटतही नव्हत्या. सगळ्यात वाईट म्हणजे ती खोलीच्या मधोमध, कशालाही न टेकता, खुशाल उभी राहायची.

“पोर अधांतरी उभी राहते!” वन्सं छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “मी सांगून ठेवते, हे फताडं पाऊल एक पिढी दडून बसलं होतं. आता निघालं बाहेर.” आणि त्यांनी आजीकडे पाहिलं.

आजी कामाला लागली. रोज दुपारी गोटीचे तळवे तेलाने चोळायची. दुकानातून तारेचं एक रिकामं रीळ आणून ते तिच्या पावलाखाली गोल गोल फिरवायची, म्हणजे मधला भाग वर उचलला जाईल. गोटीला गुदगुल्या व्हायच्या, ती खिदळत लोळायची. आजी तिच्याबरोबर हसायची आणि ती झोपली की तोंडात पदर कोंबून रडायची. आपण आयुष्यभर फताडी म्हणवून घेतलं ते घेतलं, पण या एवढ्याशा जिवाला आपल्यामुळे ऐकून घ्यावं लागणार, हे तिला सहन होत नव्हतं.

शेवटी वन्संनीच हुकूम सोडला, पोरीला मोठ्या दवाखान्यात दाखवा. आणि ते अख्खं घराणं दुकान बंद करून निघालं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, आणि त्यांनी तक्रार दोनदा विचारून घेतली. “म्हणजे मुलगी नीट चालते, हीच तक्रार आहे?”

“नीट कुठे? सपाट चालते,” वन्सं म्हणाल्या. “आणि टेकत नाही.”

“कशाला टेकत नाही?”

“कशालाच!”

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून पाहिलं. खोलीत चार खुर्च्या रिकाम्या असताना मिस्त्री, त्यांचा मुलगा आणि मुलगी भिंतीला पाठ लावून उभे होते. वन्सं कपाटाला टेकल्या होत्या. बाईंनी गोटीला टेबलाच्या कडेला बसवलं, लहानसा रबरी हातोडा घेतला आणि तिच्या गुडघ्याखाली हलकेच टकटक केली. गोटीचा पाय टुण्णकन उडाला.

गोटीच्या आईने तोंडावर हात ठेवला.

“बघितलंत?” वन्सं कुजबुजल्या. “ताबाच नाही पोरीचा पायावर.”

“अहो, उडायलाच हवा,” बाई म्हणाल्या.

“आमच्यात कुणाचा उडत नाही.”

बाईंनी हातोडा टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलला. “कुणाचाच नाही? बसा बरं सगळे.”

मग एकेक जण टेबलावर बसला. मिस्त्रींच्या गुडघ्याखाली हातोडा पडला, पाय ढिम्म. मुलाचा पाय ढिम्म. मुलीचा ढिम्म. वन्सं आपण होऊन पुढे झाल्या, पाय लोंबकळत सोडून बसल्या, आणि हातोडा तीन वेळा पडूनही पाय जागचा हलला नाही तेव्हा त्यांनी सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू पहिला नंबरच काढला. शेवटी आजीची पाळी आली. आजीचा पाय असा उडाला की बाईंचं स्टूल मागे सरकलं.

“चुकून झालं हो,” आजी घाबरून म्हणाली. “मी मुद्दाम नाही केलं.”

बाई मोठ्याने हसल्या. “आजी, या खोलीत माझा, तुमचा आणि गोटीचा, एवढेच पाय उडतात.”

“म्हणजे माझाच आजार हिला आलाय ना?” आजीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. “मला वाटलंच होतं.”

“नाही हो आजी.” बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुम्ही दोघी ठणठणीत आहात. आजार या बाकीच्यांना दिसतोय.”

आजीला ते कळायला वेळ लागला. वन्संना कळलंच नाही, किंवा कळूनही त्यांनी ते आत घेतलं नाही.

मग मिस्त्रींना शेजारच्या खोलीत नेलं. तिथे पायाला वायरी चिकटवून हलका शॉक द्यायचा आणि मज्जातंतूतून तो किती वेगाने धावतो ते मोजायचं. हे यंत्र मिस्त्रींना फार आवडलं. त्यांनी वायरींचं टोक न टोक तपासलं. आकडा आला तो असायला हवा त्याच्या निम्म्याहूनही कमी. “मीटर खराब आहे,” मिस्त्रींनी जाहीर केलं. “हिला लावून बघा.” आजीला लावलं. आकडा जिथे हवा तिथे आला. मिस्त्रींनी मीटरकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. त्यांच्या धंद्यात मीटर खोटं बोलत नाही.

रक्त तपासायला दिलं, पुन्हा बोलावलं, आणि मंडळी घरी आली. मधले दिवस आजीने कसे काढले म्हणाल, तर मजेत. रीळ तिने स्वतः खाली दुकानात नेऊन टाकलं. एक दिवस न्हाणीघरातून निघून, पाय न पुसता, वन्संच्या खुर्चीपुढून सावकाश चालत गेली आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसली. तिच्या अंगावरून एवढा दगड उतरला होता की तिला काम करताना गुणगुणायला व्हायचं. गोटीचं वाईट आपण केलं नाही. इतकी वर्षं कुणाचंच काही वाईट आपण केलं नाही. हे तिला दिवसातून दहादा आठवायचं आणि दहादा नव्याने आनंद व्हायचा.

मिस्त्री मात्र मीटरचंच मनाशी घोकत होते.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. मज्जातंतू म्हणजे वायरच समजा, त्याच्याभोवती गुंडाळलेलं एक आवरण असतं. त्या आवरणात एक छोटंसं प्रथिन असतं, त्याचं नाव पीएमपी-बावीस. ते बनवायची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते त्याच्या माणसाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. मिस्त्रींच्या तपासणीत त्या तीन निघाल्या होत्या. प्रथिन जरुरीपेक्षा जास्त तयार होतं, आणि त्याने आवरण धड बसत नाही.

“म्हणजे आमच्यात काही कमी नाही,” वन्सं ताठ होऊन म्हणाल्या. “उलट एक जास्तच आहे.”

“हो, जास्तच आहे,” बाई म्हणाल्या.

“मग झालं तर!” वन्संचा प्रश्न तिथेच मिटला.

मिस्त्रींनी हळूच विचारलं, “वार्निशचा थर जाड बसला की तो वरून सुकतो आणि मग तडकतो. तसं?”

“साधारण तसंच. जिवाला धोका नाही. बरं करणारं औषध आज नाही, पण पायाला आधाराच्या पट्ट्या देऊ, व्यायाम शिकवू. पडणं कमी होईल, थकवा कमी होईल. आणि काही औषधं तुम्ही लोकांनी टाळायची आहेत, ती सांगते.”

“आणि हे मुलांत येतं ते...”

“ज्याला आहे त्याच्याकडून येतं. दर मुलाला निम्मी शक्यता. गोटीच्या आईला आलं, पण तिच्याकडून गोटीपर्यंत पोचलेलं दिसत नाही. तिचे पाय छान आहेत. तिला धावू द्या भरपूर.”

मुलगा म्हणाला, “म्हणजे शाळेत मी शर्यतीत शेवटचा यायचो तो आळशीपणा नव्हता तर!” तो इतका खूश झाला की त्याने बहिणीला टाळी दिली. तीही हसत होती, आपल्याला सुईत दोरा का ओवता येत नाही ते तिलाही आत्ता कळलं होतं. मिस्त्रींनी मात्र त्या दोघांचं हसणं पाहिलं आणि मान खाली घातली.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर समोर हिरवळ होती, मधून फाटकापर्यंत जाणारी लांब पायवाट, आणि फाटकापलीकडे गाड्यांचा रस्ता. मिस्त्री भिंतीलगतच्या बाकावर बसले. आजी शेजारी बसली.

“मी दिलं,” मिस्त्री म्हणाले. “दोन्ही पोरांना मी दिलं. तू चांगली होतीस. तुझं आलं असतं तर... आणि वर तुलाच आमच्या घरात फताडी म्हणून हिणवलं. मी ऐकून घेतलं.”

हे ओझं आजीच्या चांगल्या ओळखीचं होतं. आत्ता कुठे तिच्या पाठीवरून उतरलं होतं, ते शेजारच्या पाठीवर जाऊन बसलं. नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहून तिचा इतक्या दिवसांचा आनंद क्षणात विरला. असा आनंद एकटीने घेऊन काय करायचा?

तेवढ्यात गोटीला फाटकाशी एक कुत्र्याचं पिल्लू दिसलं.

गोटी सुटली. तिची आई ओरडली, “गोटी! थांब!” आणि उठून दोन पावलांत बूट अडकून गुडघ्यावर आली. गोटीचा मामा भिंत सोडून निघाला, गुडघे उंच उचलत, जिवाच्या आकांताने, पण जिना चढल्यासारखा. वन्सं जागेवरूनच हुकूम सोडत राहिल्या. “मागे ये! मागे ये म्हणते ना!” पिल्लू फाटकातून बाहेर गेलं आणि गोटीही फाटकाकडे वळली.

आजी कधी उठली ते कुणालाच कळलं नाही. कळलं तेव्हा ती अर्ध्या पायवाटेवर होती. हातातली पिशवी फेकून दिलेली, केस सुटलेले, आणि पावलं पटापट, पटापट पडत होती. मामाला तिने मागे टाकलं. एका म्हाताऱ्याची काठी ओलांडली. फाटकाच्या आत दोन हातांवर तिने गोटीला गाठलं, तिच्या कमरेला विळखा घातला आणि उचलून कडेवर घेतलं.

“परत!” गोटी टाळ्या पिटत ओरडली. “आजी, परत!”

आजी धापा टाकत मागे फिरली. समोर पाहिलं तर सगळे तोंड उघडं टाकून उभे होते. मिस्त्री बाकापासून चार पावलं पुढे आले होते, टेकायला काही नव्हतं, त्यामुळे ते वाऱ्यावरच्या झाडासारखे डुलत होते.

“तू धावतेस?” मिस्त्री म्हणाले.

“मग काय.”

“कधीपासून?”

“आता हे काय विचारणं झालं? लहानपणापासून. शाळेत मला कुणी धरू शकायचं नाही.”

“आणि मला कधी सांगितलं नाहीस?”

“तुम्ही चालत होतात,” आजी म्हणाली. “मीही चालले.”

मिस्त्रींचा चेहरा पुन्हा पडायला लागला. “म्हणजे माझ्यामुळे जन्मभर...”

“झालं तुमचं सुरू!” आजीने गोटीला खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवले. ती खरंच चिडली होती. “अहो, धावून मी गेले असते कुठे? तुम्ही मागे राहिला असतात. मग बोलले कुणाशी असते? भांडले कुणाशी असते? त्या खांबाशी?”

वन्सं हसल्या. सगळ्यात आधी वन्संच हसल्या, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. मग मुलगा हसला, गुडघे झटकत मुलगी हसली, आणि मिस्त्रींना हसू आलं ते थांबेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी मनगटाने पुसलं. मुलाने खांदा पुढे केला, त्याला ते टेकले. आजीकडे ते असे बघत होते, जसं लग्न ठरल्यावर पहिल्यांदा चोरून बघितलं होतं.

“अगं,” ते म्हणाले, “आणखी एकदा धाव ना.”

“काहीतरीच! लोक बघतायत.”

“बघू देत. मला नीट दिसलं नाही.”

आजीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. म्हातारा काठी घेऊन बाजूला सरला. तिने गोटीचा हात घट्ट धरला आणि दोघी निघाल्या, आधी जरा लाजत, मग सगळं सोडून देऊन. मागून वन्सं कुणालातरी सांगत होत्या, “आमची भावजय आहे ती, पाय बघा कसा पडतोय!” आणि त्यांच्याही वर मिस्त्रींचा आवाज येत होता.

“जोरात! अगं, आणखी जोरात!”